बाईंना दिवाळीची भेट: वर्गणीची सक्ती नको

वर्गातील पालकांनी वर्गणी काढून दिवाळीत वर्गशिक्षिका बाईंना चांदीची वस्तू द्यावी, अशी सूचना एका लेखात वाचली; ती मला पटत नाही. कारण आमच्या सोलापुरात कारखानदाराचे मूल आणि विडी वळणाऱ्या आईचे मूल एकाच बाकावर बसते, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर नावांची यादी फिरू लागली की त्या आईची फार ओढाताण होते. द्यायचेच असेल तर भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टॉवेल किंवा उखळात कांडलेल्या शेंगा चटणीची लहान बरणी पुरेशी आहे. त्याहून मोलाचे म्हणजे मुलाने स्वतः लिहिलेले पत्र, ज्यात बाईंनी चिंचोके मांडून भागाकार कसा समजावला, असे नेमके काही असावे. शासकीय शाळेत भेटवस्तूंवर वर्तणूक नियमांचे बंधन असते, म्हणून तिथे मुख्याध्यापकांना आधी विचारावे.