किल्ली सेक्रेटरीलाच मिळेल

आमच्या क्विझ टीमला यंदा पदाधिकारी नेमायचे ठरले, कारण पदाधिकाऱ्यांची यादी दिल्याशिवाय फंड मिळत नाही आणि फंड नसला की बझर भाड्याने आणता येत नाही. ठीक आहे. मीटिंगसाठी शनिवारी तीनशे बारा नंबरची खोली सांगून ठेवली होती. दाराशी मामा. मामा म्हणजे आमचे शिपाई, कमरेला किल्ल्यांचा झुबका, काखेत रजिस्टर.

"मामा, तीनशे बाराची किल्ली द्या ना."

"सेक्रेटरी कोण तुमच्यात?"

"तेच ठरवायला तर खोली पाहिजे."

"मग ठरवून या. सेक्रेटरीची सही लागते."

"अहो, पण ठरवायचं कुठे?"

"ते मला काय विचारता? क्विझवाले तुम्ही ना?"

मी म्हटलं, सध्या आम्ही सगळे सारखेच आहोत. त्यावर मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, रजिस्टर उघडलं आणि 'पद' लिहिलेल्या रकान्यावर बोट आपटलं. रिकामा ठेवला तर ओरडा त्यांना बसतो म्हणे. वर म्हणाले, "केबीसीत अमिताभ स्वतः उठून पाणी आणतो का? प्रत्येक कामाला माणूस असतो!" याचा किल्लीशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही, पण आमच्यातले दोघं गंभीरपणे मान हलवत होते. हे दोघं प्रिलिम्सलाही प्रत्येक प्रश्नाला अश्शीच मान हलवतात, उत्तर काही येत नाही.

क्विझमास्टर नील ओब्रायननी १९६७ साली कोलकात्यात देशातली पहिली खुली क्विझ घेतली, ती एका चर्चच्या हॉलमध्ये. त्या हॉलची किल्ली कुणाच्या सहीवर मिळाली हा प्रश्न मी कधीतरी फायनलला टाकणार आहे. असो.

शेवटी जिन्यात बसलो. मामा पण बसले, आणि बसले ते बसले, पदं वाटायलाच लागले. "हा उंच आहे, अध्यक्ष. ही कॅन्टीनचं बिल दोनदा तपासते, खजिनदार. आणि तू ताई, वाद घालतेस, तू सेक्रेटरी." कुणी हरकतसुद्धा घेतली नाही! मी सही केली, मामांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाच वाजले. खोल्या बंद."

इथपर्यंत हसून सोडून दिलं असतं. पण तेव्हापासून उपाध्यक्ष झाला, पीआर हेड झाला, सोशल मीडिया हेड झाली, हॉस्पिटॅलिटी हेड झाला (कुणाची हॉस्पिटॅलिटी, देव जाणे), फेस्टला टीम मात्र तिघांचीच जाते. प्रश्न कोण काढणार म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. प्रश्न काढणं म्हणजे गूगलवरून उचलून चिकटवणं नव्हे हो. दोन ठिकाणी पडताळायचं, दुसरं उत्तर बसत नाही ना ते बघायचं, कारण पाउन्सला (म्हणजे आपली पाळी नसताना उत्तर लिहून देण्याला) चुकलं की मायनस असतो आणि मायनस मिळालेली टीम क्विझमास्टरला जिवंत सोडत नाही. एवढं करून सर्टिफिकेटवर सगळ्यांची नावं सारख्याच फॉन्टमध्ये येणार, नोकरीच्या सीव्हीत 'हेड' म्हणून.

काल ग्रुपवर लिहिलं, निदान पाच-पाच प्रश्न तरी पाठवा. पीआर हेडने अंगठा टाकला. उपाध्यक्षाने हार्ट. खजिनदारबाईंनी विचारलं, टी-शर्टवर पद पुढे छापायचं की मागे?