अंदमानात समुद्र मागे हटला नाही, जमीन वर आली

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, की उत्तर अंदमानात प्रवाळ उघडे पडलेत म्हणजे समुद्र मागे गेला, इंदिरा पॉइंट (ग्रेट निकोबारचं, भारताचं सगळ्यात दक्षिणेचं टोक) बुडाला तो भूकंपाने, सो समुद्र वाढतोय वगैरे सगळं थोतांड. यातलं अर्धं खरंय म्हणूनच लोकांना पटतंय.

पहिला मुद्दा, "समुद्र मागे गेला". अहो, जमीन वर आलीये. तिथे भारतीय प्लेट, म्हणजे आपण ज्यावर आहोत तो पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, अंदमानच्या खाली सरकते पण मधेच घट्ट अडकून बसते, मग वरच्या प्लेटची पुढची कड शेकडो वर्षं खाली ओढली जात राहते आणि भूकंपात सुटली की ती वर उसळते, मागचा भाग खचतो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीवाल्या भूकंपात हेच झालं, अंदमानच्या पश्चिम कडेचं इंटरव्ह्यू आयलंड मीटरभर वर आणि पोर्ट ब्लेअर जवळपास तेवढंच खाली, एकाच दिवशी. समुद्रच उतरला असता तर पोर्ट ब्लेअरलाही उतरला असता ना? आणि प्रवाळ स्वतःच सांगतात बघा, ते सगळ्यात खालच्या ओहोटीच्या रेषेपर्यंतच वाढतात, त्याच्यावर उघडे पडले की मरतात, त्यामुळे वर आलेल्या किनाऱ्यावर माथा मेलेला, पांढरा आणि खालची कड जिवंत असे गोळे दिसतात, त्या दोघांमधलं अंतर टेपने मोजलं की जमीन किती उचलली ते कळतं.

इंदिरा पॉइंटचं बरोबर आहे. सव्वाचार मीटरच्या आसपास खचलाय तो, दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. तो फोटो ग्लोबल वॉर्मिंगचा पुरावा म्हणून टाकणारेही चुकतायत, प्लीज थांबवा ते. पण त्यावरून पाणी वाढत नाही हे कुठून निघालं? टाइड गेज (किनाऱ्यावरचं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र) जमिनीलाच बसवलेला असतो, तो फक्त जमीन आणि पाण्यातला फरक सांगतो. नुसतं पाणी बघायचं तर सॅटेलाइट लागतो आणि त्यात 1993 पासून जगाची सरासरी पातळी साधारण 10 सेंटीमीटर वाढलेली दिसते.

शेवटचं, "2004 ला झालं ते झालं, आता सगळं स्थिर". नाही. मोठ्या भूकंपानंतर जमीन वर्षानुवर्षं सरकत राहते, पोर्ट ब्लेअरला जीपीएसवर खचलेली जमीन हळूहळू परत वर येताना दिसली, आणि जमीन पाण्यापेक्षा जोरात वर येत असेल तर नुसता गेज वाचणाऱ्याला समुद्र उतरतोय असंच वाटणार. तिकडे पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची शेतं 2004 ला खचून भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली गेली, तिथे समुद्राचा वाढलेला प्रत्येक सेंटीमीटर त्या खचण्यावर वरून पडतो.