पोकलेनचा कोड पार्टचं नाव सांगत नाही

गेले दोन महिने तुर्भे, कळंबोली, शिळफाटा इथल्या ऑपरेटर-मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो सात-आठ जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की पोकलेन स्लो झालं आणि डिस्प्लेवर कोड आला, तर ज्या सेन्सरचा कोड तो सेन्सर बदला. कोड गेला नाही तर मीटर लावा, २४ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ठीक. मग व्हॉल्वच्या कॉइलला बॅटरीतून डायरेक्ट वायर द्या. तरीही नाही झालं तर कंट्रोलर, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर, गेला समजा. आणि केबिनमधला सुरक्षेचा लॉक लिव्हर त्रास देत असेल तर तोही डायरेक्ट करून टाका.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. मशीन उभं राहिलं की डंपर रांगेत थांबतात, भाड्याचे तास बुडतात, माणूस घाईला येतो. पण मी सोळा वर्षं या मशीनचं वायरिंगच करतोय आणि या सल्ल्याने बिघडलेली मशीन्स शेवटी माझ्यासारख्यांकडेच येतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याचं उत्तर देतो.

पहिला मुद्दा कोडचा. कंट्रोलरला सेन्सर दिसत नाही. त्याला कळतात फक्त त्याच्या पिनवर येणारे व्होल्ट. प्रेशर सेन्सरला बहुतेक मशीनमध्ये ५ व्होल्ट जातात आणि ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल परत येतो. तो ०.१ वर आला की कंट्रोलर कोड देतो. सेन्सर मेला, वायर तुटली की वायर बॉडीला लागली, हे त्याला ठाऊक नसतं. ज्या मशीनमध्ये एसपीएन (दोष कुठल्या सर्किटचा) आणि एफएमआय (दोष कुठल्या प्रकारचा) असे दोन आकडे दिसतात, तिथे सगळे पहिलाच वाचतात. दुसराही वाचा. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थ झालेली. शोध कुठून सुरू करायचा ते त्यात असतं.

गेल्या जुलैत उलव्याच्या एका प्लॉटवर गेलो होतो. जॉयस्टिक ओढली तरी इंजिन ऑटो आयडलवरून, म्हणजे काम नसतानाच्या कमी वेगावरून, वर येत नव्हतं, बूम कसाबसा उचलत होता. डिस्प्लेवर एकदम तीन प्रेशर सेन्सरचे कोड. मालकाने दोन नवे सेन्सर लावून झाले होते, तिसरा मागवला होता. आता तीन सेन्सर एकाच दिवशी कसे मरतील? एकाचा सॉकेट काढून ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावला, तर ०.८. ही लाइन तिघांना एकच असते. मग एकामागून एक तिन्ही सॉकेट काढले. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर त्याचा सॉकेट निघताच ५ व्होल्ट परत आले असते. आले नाहीत. म्हणजे वायरच कुठेतरी बॉडीला लागत होती. बूमच्या बुडाशी क्लॅम्पमधलं रबर गळून पडलं होतं आणि वायरिंग थेट पत्र्याच्या कडेवर घासत होतं. बाहेरचा पाइप कापलेला, आतल्या एका वायरीचं कव्हर नखाएवढं सोललेलं, तांबं चकचकीत. पत्र्याच्या कडेवरही तेवढीच तांब्याची रेघ. स्लीव्ह चढवली, क्लॅम्पला नवीन रबर घातलं, तिन्ही कोड गेले. काढलेले दोन्ही जुने सेन्सर परत लावून पाहिले. दोन्ही चालू.

सेन्सरवर संशय असेल आणि शेजारी त्याच पार्ट नंबरचा दुसरा असेल, तर चावी बंद करून दोघांचे सॉकेट अदलाबदल करा. कोड दुसऱ्याच्या नावावर गेला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर त्या बाजूची वायर बघा. यात एक रुपयाही लागत नाही.

दुसरा मुद्दा, ‘२४ दिसले म्हणजे वायर ठीक’. या एका वाक्याने सगळ्यात जास्त लोक फसतात. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो २४ दाखवतो. समजा ऑन-ऑफ सोलेनॉइडची (वीज मिळाली की व्हॉल्व ओढणाऱ्या पार्टची) कॉइल २४ ओहमची आहे आणि सॉकेटची पिन हिरवी पडून तिथे १२ ओहम अडथळा झालाय. सॉकेट काढून मोजलं तर २४ व्होल्ट. सॉकेट लावला की कॉइलला मिळतात १६. व्हॉल्व कधी ओढतो, कधी नाही, आणि आपण पंप उघडायच्या गोष्टी करतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात पिना हिरव्या पडणारच. प्रेशर वॉशर सॉकेटवर मारला तर लवकर पडतील. वायरीत टाचणी खुपसून मोजलं तर त्या भोकातूनही पाणी शिरतं.

म्हणून मोजायचं ते लोडवर. सॉकेट जोडलेला, चालू स्थितीत, मागच्या बाजूने प्रोब लावून. अर्थच्या बाजूनेही मोजा, ती सगळे विसरतात. किंवा सॉकेट काढून २४ व्होल्टचा २१ वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावा. पूर्ण पेटला तर लाइन दमदार, मिणमिणला तर मध्ये काहीतरी खातंय. हा बल्ब फ्यूज-रिलेच्या सप्लायलाच लावायचा. सेन्सरच्या ५ व्होल्टला किंवा कंट्रोलरमधून थेट येणाऱ्या वायरीला अजिबात नाही.

आता डायरेक्टचं. पंपाच्या प्रपोर्शनल व्हॉल्वला (करंटच्या प्रमाणात कमी-जास्त हलणाऱ्या) कंट्रोलर मोजून करंट देतो, साधारण ०.७ ॲम्पियरच्या आसपासपर्यंत. १८ ओहमच्या कॉइलला थेट २४ व्होल्ट दिले की १.३३ ॲम्पियर जातात. उष्णता ९ वॉटवरून ३२ वॉटवर जाते आणि कॉइल जळते. सॉकेट न काढता वायर दिली तर उलटा सप्लाय कंट्रोलरमध्ये शिरतो आणि चांगला कंट्रोलरही जातो. शिवाय पूर्ण करंट मिळाल्यावर काही मॉडेलमध्ये पंप कमी तेल देतो, काहींत पूर्ण देतो आणि इंजिन दबतं. त्यामुळे डायरेक्ट दिल्यावर मशीन पळालं किंवा नाही पळालं, त्यावरून काही ठरत नाही. कॉइलच्या सिरीजमध्ये ॲमीटर लावून करंट बघा, गेजवर प्रेशर बघा आणि ते तुमच्या मॉडेलच्या आकड्यांशी ताडून पाहा. बऱ्याच मशीनमध्ये पंपासाठी इमर्जन्सी स्विच असतो, त्यात कंपनीने करंट मर्यादित ठेवलेला असतो. मशीन बाजूला घ्यायला तो वापरा.

कंट्रोलरबद्दल एवढंच की त्याला येणारा सप्लाय, त्याचा अर्थ आणि त्याचा सॉकेट बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका. कॅन लाइनचा (कंट्रोलर आणि डिस्प्ले ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात) संशय असेल तर बॅटरी काढून दोन्ही वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय.

राहिला लॉक लिव्हर. हा मुद्दा वाचून मला खरोखर राग आला. लिव्हर लॉक केला की एक सोलेनॉइड पायलटचं, म्हणजे जॉयस्टिकचा हुकूम पोचवणारं, तेल बंद करतं आणि जॉयस्टिकला धक्का लागला तरी मशीन हलत नाही. ते सोलेनॉइड डायरेक्ट केलं की ही सोय संपली. घोडबंदर रोडच्या एका साइटवर ऑपरेटर हेल्परशी बोलायला केबिनमधून वाकला आणि त्याच्या रेनकोटचं टोक जॉयस्टिकमध्ये अडकलं. लिव्हर लॉक होता, पण डायरेक्ट केलेला. मशीन फिरलं. बकेट हेल्परच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली. मी तिथे दुसऱ्या मशीनच्या कामाला होतो. पोरगा खाली बसला तो उठेचना.

ती डायरेक्ट वायर मी त्याच दुपारी कापली. मूळ दोष लिव्हरच्या खालच्या लिमिट स्विचमध्ये होता, चिखल बसून तो आत दाबलेला राहिला होता. साफ करायला वीस मिनिटं लागली. तुमच्या मशीनवर आधी कोणी काय करून ठेवलंय ते माहीत नसेल, तर उद्या सकाळी काम सुरू करण्याआधी आजूबाजूला कोणी नाही हे बघा, बकेट जमिनीवर टेकवा, लिव्हर लॉक करा आणि इंजिन चालू ठेवून जॉयस्टिक हलकेच हलवून पाहा. काहीही हललं, तर त्या मशीनवर त्या दिवशी काम करू नका.