मानव विकासाच्या टेबलावर बदली झालीय? मग हे वाचाच

समजा उद्या तुमची बदली झाली आणि नशिबाने मानव विकासाचं टेबल आलं, तर घाबरू नका, त्यात मानव कुठेही भेटत नाही, सगळा कारभार एक्सेलमध्ये असतो.

थोडा इतिहास पाठ ठेवा, मीटिंगमध्ये फेकायला बरा पडतो. 1990 मध्ये पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक आणला, आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून एकच आकडा. अमर्त्य सेन आधी कुरकुरत होते, माणसाचं जगणं एका आकड्यात कोंबणं फारच ढोबळ, तर हक म्हणाले ढोबळच पाहिजे, जीडीपीइतकंच ढोबळ, फक्त तेवढं आंधळं नको. आपण यातलं 'ढोबळ' तेवढं उचलायचं.

शिक्षणात शाळेची वर्षं मोजतात, भागाकार येतो का ते नाही. म्हणून आठवीतल्या पोराला चुकूनही फळ्यापाशी बोलवू नका. पट भरलाय ना, बास.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2006 पासून मानव विकास मिशन आहे, पुढे 22 जिल्ह्यांतल्या 125 तालुक्यांत गेलं. त्यात मुलींना सायकली. आमच्याकडच्या एका वाटपात पोरी दहाला येऊन उन्हात उभ्या, साहेब दीडला उगवले, सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही कारण फोटोत नवी दिसली पाहिजे, आणि निम्म्या चाकांत हवाच नाही, मग काय, पोरींनी ढकलत घरी नेल्या. ढकलत तर ढकलत, लाभार्थी संख्या पूर्ण.

गरोदर बाईला बुडीत मजुरी मिळते, तिने कामावर न जाता आराम करावा म्हणून. तिला आधार लिंक नाही म्हणून परत पाठवा. पैसे येईस्तोवर पोर रांगायला लागतं, म्हणजे दोघं जिवंत असल्याचा पुरावा फुकटात.

आणि पोरींसाठी निळी एसटी. (खरं सांगू का, या बसमुळे कितीतरी पोरींची शाळा सुटता सुटता वाचली, पण अहवालात त्याला कॉलम नाही, फेऱ्या नि किलोमीटर लिहा.)

निर्देशांकातल्या भारताच्या रँकबद्दल कोणी विचारलं तर सांगा डेटा जुना आहे. खोटं पण नाही ते, संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या मानव विकास अहवालात भारत 193 देशांत 130 वा, आणि आकडे 2023 चे.

मीटिंग संपवून निघालात की फाट्यावर पोरी निळ्या बसची वाट बघत दिसतील, अंधार पडत आलेला असेल, हात पण करतील. काच वर घ्या, एसी चालू आहे.