टर्की पक्षी पावसात तोंड वर करून बुडतात? नाही, पिल्लं गारठतात

‘टर्की पावसात आभाळाकडे चोच उघडी ठेवून बघत राहतो आणि नाकातोंडात पाणी जाऊन मरतो,’ असा मेसेज नागपुरात फिरतोय. हे खरं नाही. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. वरचं पाहायला तो मान तिरपी करून एकच डोळा वर लावतो, एवढंच.

पावसात पिल्लं दगावतात हे मात्र खरं, पण ती गारठून. अंगावरची लव पाण्याने चिकटते आणि ऊब जाते; पुरेशी पिसं यायला सहा-आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश तापमान ठेवा, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करा. ऊब द्यायला लावलेल्या बल्बखाली पिल्लं एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडतेय. कडेला जाऊन धापा टाकत असतील तर जास्त होतेय. खाली अंथरलेलं धानाचं तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदला. कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवूच नका, त्यांच्याकडून येणारा ब्लॅकहेड हा आतड्यांचा आणि यकृताचा रोग टर्कीचा जीव घेतो.

आणि नराचं डोकं लालभडक झालं, चोचीवरचं मांस लांब लोंबलं, तर तो आजार समजू नका. तो चेतलाय, रुबाब दाखवतोय. अंगावर आला तर पळू नका, समोर ठाम उभे राहा. पळालात की त्याची भीड चेपते.