पोकळ वस्तूचा भरीव प्रश्न

"पैसे भरीवचे आणि वस्तू पोकळ?" आईने विचारलं. बांगड्या करायला टाकताना सोनाराला ती ज्या आवाजात प्रश्न विचारते, तोच आवाज. तिच्या हिशेबात पोकळ म्हणजे आत लाख भरलेली, बोटाने चेपणारी आणि मोडीत घालायला गेलं की डोळ्यांत पाणी आणणारी वस्तू. मी तिला समजावत होतो की मला एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, ती आतून संपूर्ण रिकामी असते, आणि त्या रिकामपणाचेच पैसे असतात.

"लाकूड तरी कुठलं?"

"मेपल. म्हणजे मेपलचे पातळ थर एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून…"

"प्लायवूड," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. आमच्याकडे नुकतंच ट्रॉल्यांचं काम झालं असल्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा असतो. "मरीन की कमर्शियल?"

प्लायवूड म्हटलं की माणसाचं मन उतरतं, हे मला मान्य आहे. पण या गिटारींच्या बाबतीत तो गुण आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात पोकळी असली की एक पीडा कायमची मागे लागते. स्पीकरमधून निघालेला आवाज पोटाला हलवतो, पोट तारांना हलवतं, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, आणि बघता बघता असा हंबरडा फुटतो की खालच्या मजल्यावरचे लोक चपला न घालता वर येतात. अख्ख्या लाकडाची पातळ फळी या चक्रात लगेच सापडते. थरांची फळी जरा दम धरते. शिवाय हवा दमट-कोरडी होत राहिली तरी ती सहसा तडकत नाही. गिब्सन कंपनीने १९४९ साली ईएस-१७५ काढली, ती थरांच्या मेपलचीच. (१७५ हा तिचा तेव्हाचा भाव, डॉलरमध्ये. या आकड्याकडे मी अधूनमधून नुसता बघत बसतो.) १९५८ साली ईएस-३३५ आली तेव्हा त्यांनी पोटात मधोमध लाकडाचा ठोकळाच बसवून टाकला आणि हंबरडा बराच आटोक्यात आणला. शहाणी माणसं ती घेतात. मला हवी होती ठोकळा नसलेली, पूर्ण उपाशी पोटाची एपिफोन कॅसिनो.

हे नाव घरात उच्चारण्याआधी विचार करायला हवा होता, असं बायकोचं मत आहे. ती सांगलीला फोनवर म्हणाली, "त्यांचं सध्या कॅसिनो, कॅसिनो चाललंय, त्यात पैसे घालायचेत." सासूबाईंनी पणजीला मांडवीतल्या बोटी पाहिलेल्या आहेत. त्यांनी फोन सासऱ्यांकडे दिला. सासऱ्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त "तब्येत कशी आहे?" एवढंच म्हणाले, पण ते ज्या पद्धतीने म्हणाले त्यावरून पुढचे काही सण मला जड जाणार हे कळलं.

कॅसिनोच का? लोकांना सांगायचं कारण बीटल्स. पॉल मॅकार्टनीने १९६४ साली एक घेतली, डावखुरा असल्यामुळे तारा उलट्या चढवल्या. १९६६ मध्ये लेनन आणि हॅरिसन यांनीही घेतल्या. खरं कारण असं की मी फ्लॅटमध्ये राहतो आणि मला वाजवायला वेळ मिळतो रात्री साडेदहानंतर. भरीव गिटार अॅम्पशिवाय, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीशिवाय, वाजवली तर मुंगीलाही ऐकू जात नाही, अकूस्टिक वाजवली तर सोसायटीचे सेक्रेटरी ऐकतात. पोकळ इलेक्ट्रिक बरोबर मधल्या पट्टीत बोलते: वाजवणाऱ्याला ऐकू येते, बाकी कुणाला नाही. माझ्या वाजवण्याचा दर्जा लक्षात घेता ही सोय सर्वांच्याच हिताची आहे.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोटाळा पुढे झाला. माझ्यासमोर दोन कॅसिनो आल्या. एक वसईला, नव्वदच्या दशकातली, कोरियात बनलेली, एका मालकाची. दुसरी पुण्यातल्या दुकानात, करकरीत, चीनमध्ये बनलेली. भावात फार अंतर नव्हतं. मी गिटार वाजवणाऱ्या चार ओळखीच्यांना विचारलं आणि पार कामातून गेलो.

"जुनी घे," एक म्हणाला, "कोरियन म्हणजे काय बोलायचं कामच नाही. आता तसं काम होत नाही." दुसरा म्हणाला, "कोरियन? जुनी म्हणजे जपानी रे." तिसऱ्याने दोघांचीही कीव केली. त्याच्या मते साठच्या दशकात मिशिगन राज्यातल्या कलामझू गावी झाल्या त्याच कॅसिनो, पुढचं सगळं दुकानदारी. चौथा काहीच बोलला नाही. त्याने फक्त "१९६५ च्या आधीची की नंतरची?" असं विचारलं आणि चहा प्यायला. त्या वर्षी कंपनीने गळ्याची रुंदी कमी केली होती, नटपाशी, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला, सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० वर आणली होती, आणि तीन मिलिमीटरचं हे दुःख लोक अजून विसरलेले नाहीत. आमच्या घराण्यात जमिनीच्या वाटणीवरून एवढी कटुता टिकलेली नाही.

मग मी स्वतःच हिशेब मांडायला बसलो. एपिफोन मूळची न्यूयॉर्कची. स्ताथोपुलो नावाच्या ग्रीक घराण्याची. १९५७ मध्ये ती प्रतिस्पर्धी गिब्सनच्या मालकांनी विकत घेतली आणि काम कलामझूला गेलं. तिथे १९६१ मध्ये कॅसिनो जन्मली, गिब्सनच्याच ईएस-३३० ची जुळी बहीण म्हणावी अशी. न्यूयॉर्कच्या एपिफोनवर जीव टाकणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने तेव्हा ही पोरगी हातात घेऊन "पूर्वीचं राहिलं नाही हो" असं म्हटलंच असणार. सत्तरच्या दशकात एपिफोनचं काम जपानला गेलं, मात्सुमोकू नावाच्या कारखान्यात. हे लोक शिलाई मशीनची कपाटंही बनवायचे, म्हणजे तेव्हाच्या जाणकारांनी काय तोंडं केली असतील ते सांगायला नको. आज तीच जपानी गिटार दिसली की लोक आवाज खाली आणतात. पुढे गाडी कोरियाला गेली. तेव्हा "अस्सल जपानी" मागे पडल्याची हळहळ. २००४ मध्ये चीनमधल्या चिंगडाओला कंपनीने स्वतःचा कारखाना काढला. मग "अस्सल कोरियन" ची हळहळ. २०२० च्या सुमारास कॅसिनो पुन्हा अमेरिकेतही बनू लागली, नॅशव्हिलला, आणि ती इतकी महाग निघाली की हळहळायलाही कुणी जवळ गेलं नाही. ज्या कारखान्याला शिव्या द्यायच्या तो बंद पडेपर्यंत थांबायचं, मग त्याच्या आठवणी काढायच्या, एवढाच या क्षेत्रातला नियम मला सापडला. चिनी गिटारीला अजून वीस वर्षं थांबावं लागेल.

आणि जुनी गिटार जुनी दिसावी म्हणून लोक काय करतात तेही बघा. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स ऋषिकेशला ध्यानधारणेसाठी आले होते. तिथे त्यांच्याबरोबर डोनोव्हन हा स्कॉटिश गायक होता. गिटारवरचं पॉलिश काढलं की लाकूड मोकळा श्वास घेतं, ही कल्पना त्याने यांच्या डोक्यात भरवली असं सांगतात. त्याच वर्षी लेनन आणि हॅरिसन यांनी चांगल्या कॅसिनो खरवडून उघड्या केल्या. १९६९ च्या जानेवारीत लंडनच्या गच्चीवर लेनन वाजवतो ती हीच खरवडलेली. कंपनीने पुढे आधीच खरवडल्यासारखी दिसणारी खास कॅसिनो विकायला काढली. हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या त्या जुन्या कपाटाचं पॉलिश निघालंय, त्याला नवीन कशाला करायचंय?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

वसईला गेलो. मालक लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, आता गुडघे दुखतात म्हणून सोडलेलं. मी त्यांना अंकल म्हणू लागलो, ते मला साहेब. गिटार सुंदर होती. रंग मधासारखा झालेला, मागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, आणि पहिल्या तीन पडद्यांवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारांखाली खड्डे. त्यापुढचे पडदे कोरे करकरीत. वऱ्हाडी मंडळींना चौथ्या पडद्याच्या पुढचं संगीत लागत नाही, याचा असा लेखी पुरावा मी प्रथमच पाहिला. कॅसिनोचा गळा सोळाव्या पडद्यापाशी पोटाला मिळतो आणि त्याच्या पलीकडे हात पोचायला त्रास होतो, अशी अनेकांची तक्रार असते. अंकल तिथे कधी गेलेच नव्हते. मीही जाणार नाही.

आवाजाचं बटण फिरवलं तर खरखर. "काय नाय साहेब, साफ केलं की जातं," अंकल म्हणाले. पुण्याला आल्यावर दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं तेव्हा ते चष्मा काढून माझ्याकडे बघू लागले. भरीव गिटारला मागे किंवा पुढे झाकण असतं, चार स्क्रू काढले की वायरिंग समोर. या पोकळ गिटारला तसलं काही नाही. एक बटण बदलायचं तरी आतलं सगळं गणगोत एफच्या आकाराच्या त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. आधी प्रत्येक बटणाच्या दांड्याला दोरा बांधायचा, मग ते आत ढकलायचं, मग भोकातून चिमट्याने ओढायचं. डाग देऊन झालं की तोच दोरा वरून ओढत ओढत प्रत्येक दांडा आपापल्या छिद्रात आणायचा. शेवटच्याला दोरा सुटला की पहिल्यापासून. "पैशाचं सोडा," काका म्हणाले, "ते काम मी रविवारी करतो. त्या दिवशी घरातलं कुणी माझ्याशी बोलत नाही."

दुकानातली नवी गिटार बटणं न खरखरता वाजली, पण तिने दुसरी गंमत दाखवली. दोन्हींवर पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी चुंबकं, पी-९० जातीचे, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचे. ही रचना १९४६ पासूनची आणि तिचा स्वभाव तेव्हापासून तोच. आसपासची वीज ती मनापासून ऐकते. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा प्रवाह, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: तीनवर ठेवला तर अॅम्पमधून भुंगा, पाचवर ठेवला तर शांत. वाजवणाऱ्याने गिटारसकट गोल फिरलं की एका ठरावीक दिशेला भुंगा कमी होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, इकडे तोंड करा." मी केलं. बसला की आवाज! ती ईशान्य होती. तिथून माझ्या डोक्यात वास्तुशास्त्राबद्दल नको ते विचार सुरू झाले, ते कसेबसे आवरले. काका मात्र म्हणाले की वसईवालीही हेच करेल, जुनेपणाने भुंगा मरत नाही.

मी अंकलना फोन केला. तेव्हा ती "वापरलेली गिटार" होती आणि मी भावावर विचार करून सांगतो म्हणालो. नंतर फोन केला तर ती "जुनी गिटार" झाली होती आणि भाव चढला होता. भाच्याने इंटरनेटवर बघितलं म्हणे; नंबरच्या पहिल्या अक्षरावरून कारखाना कळतो, आणि हा कारखाना चांगल्यापैकी निघाला. मी दोन दिवस घासाघीस कशी करायची याची तालीम केली. परत फोन लावला तर भाचाच बोलला. "सर, ती व्हिंटेज आहे," तो म्हणाला. त्या शब्दाला कितीचा भाव होता ते मी इथे लिहीत नाही, आईच्या वाचनात हे येण्याची शक्यता आहे. गुडघेदुखीवाले अंकल मागून म्हणत होते, "साहेबांना दे रे, देऊन टाक," पण व्यवहार आता पुढच्या पिढीच्या हातात गेला होता.

दुकानात परत गेलो. तोच पोरगा. गिटार तिथेच टांगलेली. मी किंमत पुन्हा विचारली तर तो मालकांकडे जाऊन आला आणि हळूच म्हणाला, "सर, हा गेल्या वर्षीचा पीस आहे, जुना स्टॉक. दहा टक्के कमी करून देतो."

मी खिशातलं कार्ड काढलं. वर कव्हर आणि तारांचा एक सेट फुकट मागून घेतला, कारण आईने विचारलं असतं.

घरी दिवाणखान्यातला रेग्युलेटर तीनवरच चालतो, पाचचं बटण कधीचं अडकलंय. इलेक्ट्रिशियन येतो येतो म्हणतोय. त्यामुळे सध्या मी वाजवायला बसलो की पंखा बंद असतो, मे महिना आहे, आणि बायको आईला घेऊन सांगलीला गेली आहे.