डाव्या दाराची काच

सोसायटीतल्या पोरांचा चेंडू माझ्या मारुती झेनच्या डाव्या दाराची काच फोडून आत आला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. त्या सीटवर इतक्या सहज आजवर कुणीच बसलेलं नाही. माझी झेन तीन दारांची, त्यातलं तिसरं म्हणजे डिकी. मागं बसायचं तर पुढची सीट कलंडवून, श्वास रोखून घुसायचं. आत्या एकदा कोथरूडला घुसल्या, त्या हडपसर आलं तरी स्वतःचा दुसरा पाय शोधत होत्या.

साड्यांच्या दुकानाची जाड पिशवी चिकटपट्टीनं दाराला लावली आणि फडफडत नाना पेठेतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं.

"झेनची डावी काच द्या."

"मॉडेल?"

"झेन."

"काका, मॉडेल म्हणजे साल!"

बनली 2003 ला, पासिंग 2004 चं. दोन्ही सांगून टाकली. तर म्हणाला, 2003 मध्येच तिचं तोंड बदललं, तुमची आधीची का नंतरची? मग तोंडी परीक्षाच सुरू झाली. इंजिन कार्बोरेटरचं का एमपीएफआय? गोल दिव्यांची क्लासिक तर नाही ना? डिझेल असेल तर इंजिन प्यूजोचं, ते सामान इथं नाही. काचेचा इंजिनाशी काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही. 1993 ते 2006 या तेरा वर्षांत या गाडीनं जेवढी रूपं घेतली, तेवढ्या वेळा आमच्या घरातले पडदेसुद्धा बदलले नाहीत.

शेवटी त्यानं एक काच आणून दाराला लावून बघितली. मागं एवढी फट राहिली की तोच चेंडू पुन्हा आरामात आत गेला असता.

तेव्हा कुठं त्यानं गाडीकडं नीट पाहिलं. "अहो, ही दोन दारांची! काळी असती तर कार्बन, चंदेरी म्हणजे स्टील. आधी नाही का सांगायचं? हिचं दार लांब असतं, पाच दारांच्या गाडीची काच हिला कशी बसेल?" आणि आत ओरडला, "अरे, स्टीलवाले आलेत!" आतली दोन पोरं बाहेर आली. काच घेऊन नाही, गाडी बघायला.

पुढचे तीन शनिवार भंगारवाल्यांकडं गेले. पिशवीवरची साडीतली बाई उन्हानं पार फिकट झाली. चौथ्या शनिवारी फोन आला, "काका, स्टील तोडायला आलीय. काच अख्खी आहे." जेवण टाकून गेलो. काच खरंच अख्खी होती, ओरखडासुद्धा नव्हता. फक्त उजव्या दाराची होती.

"घेऊन ठेवा," तो म्हणाला. "परत मिळायची नाही."

घेतली. जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणात ठेवलीय. आणि गाडी हल्ली मी उलट्या तोंडानं लावतो, उजवी बाजू पोरांकडं करून.